सी भाषेतील स्वतःच्या वेब सर्व्हरवरून स्क्रिप्ट चालवताना

कोल्हापुरातील उद्यमनगरात एका लहान मशीन शॉपसाठी मी सी भाषेत एक छोटा वेब सर्व्हर लिहिला होता. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर तो चालावा आणि कोणत्या लेथवर कोणता जॉब लागला आहे हे ऑफिसातल्या ब्राउझरमध्ये दिसावे, एवढीच सुरुवातीची अपेक्षा होती. तयार फाइली पाठवण्यापर्यंत सर्व सुरळीत चालले. मग पावसाळा आला आणि नवी मागणी आली: गेटवरच्या माणसाने राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फुटांत भरावी, ती ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली आहे की ४३ फुटांच्या धोका पातळीला हे पानावर दिसावे, म्हणजे प्रयाग चिखली आणि आंबेवाडीकडून येणाऱ्या कामगारांना वेळेत घरी सोडता येईल. आता पान आधीपासून तयार असणे शक्य नव्हते. विनंती आल्यावर एखादा प्रोग्राम चालवून ते त्या क्षणी तयार करावे लागणार होते.

ज्यांचा सर्व्हर पोर्टवर ऐकतो, जोडणी स्वीकारतो, विनंतीची पहिली ओळ आणि हेडर वाचतो आणि फाइल परत पाठवतो, त्यांच्यासाठी पुढचे मार्गदर्शन आहे. उदाहरणे लिनक्सवरची आहेत. फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

करार कोणता पाळायचा

सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांनी एकमेकांशी कसे बोलायचे हे स्वतः ठरवण्याची गरज नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरभोवती कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजेच सीजीआय, ही पद्धत आकाराला आली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तिची १.१ ही आवृत्ती आरएफसी ३८७५ म्हणून लिहून ठेवली गेली. करार तीन वाक्यांत सांगता येतो. विनंतीविषयीची माहिती स्क्रिप्टला एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलांतून, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला दिलेल्या नाव-किंमत जोड्यांतून, मिळते. विनंतीचा मजकूर तिला स्टँडर्ड इनपुटवर मिळतो. उत्तर ती स्टँडर्ड आउटपुटवर लिहिते आणि त्यात आधी काही हेडर, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर असा क्रम असतो. स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे, पर्लमध्ये आहे की शेलमध्ये, याच्याशी सर्व्हरला काहीही देणेघेणे नसते.

करार इतका सोपा असूनही नवशिक्यांचे सर्व्हर अडकतात, कारण लिनक्समध्ये नवी प्रोसेस जन्माला येताना पालक प्रोसेसची जवळपास सगळी मालमत्ता वारसाहक्काने घेऊन येते आणि त्यातले काय ठेवायचे, काय काढून घ्यायचे याचा विचार आपण केलेला नसतो. स्क्रिप्ट सुरू करायला चार ओळी पुरतात. वारसा आटोक्यात आणायला उरलेला सगळा कोड लागतो. (चाइल्ड प्रोसेसला मी ‘अपत्य’ म्हणतो. ‘मूल’ म्हटले की अर्धे विद्यार्थी ‘मूळची’ असे समजतात आणि मग सगळेच उलटे होते.)

पहिली पायरी: कोणती फाइल चालवायची

स्क्रिप्टांसाठी एकच डिरेक्टरी राखून ठेवावी आणि तिच्याबाहेरची कोणतीही फाइल चालवू नये. पत्त्यात प्रश्नचिन्ह असल्यास तेथे तो तोडावा. प्रश्नचिन्हानंतरचा भाग क्वेरी-स्ट्रिंग म्हणून जसाच्या तसा ठेवावा आणि आधीच्या भागातली टक्केचिन्हाची संकेतने उलगडावीत. उलगडल्यावर शून्य बाइट निघाला तर विनंती तिथेच नाकारावी, कारण सीच्या दृष्टीने स्ट्रिंग तिथेच संपते आणि आपण तपासलेला पत्ता व प्रत्यक्ष उघडलेली फाइल यांत फरक पडतो.

यानंतर रिअलपाथ या फंक्शनने पूर्ण मार्ग काढावा आणि तो राखीव डिरेक्टरीच्या नावाने, त्यापुढच्या तिरक्या रेघेसह, सुरू होतो का ते पाहावे. रेघ तपासली नाही, तर शेजारी त्याच नावापुढे ‘जुने’ असे जोडून ठेवलेली डिरेक्टरीसुद्धा तपासणीतून सुटते. हा क्रम उलटा करू नये: आधी तपासून मग संकेतने उलगडली, तर दोन टिंबांनी वरच्या डिरेक्टरीत जाण्याची युक्ती तपासणीला दिसतच नाही.

स्क्रिप्ट चालवण्यासाठी सिस्टिम किंवा पीओपन वापरण्याचा मोह होतो, कारण दोन्ही एका ओळीत काम करतात. परंतु ती दोन्ही फंक्शने मधे शेल आणतात. विनंतीतला एखादा शब्द त्या आज्ञेत गेला आणि त्यात अर्धविराम असला, की परक्या माणसाची आज्ञा आपल्या यंत्रावर चालते. त्यामुळे मार्ग एकच: फोर्कने सर्व्हरच्या प्रोसेसची प्रत, म्हणजे अपत्य, काढायची आणि त्यानंतर एक्झेकव्हीईने (पुढे थोडक्यात एक्झेक) त्या अपत्यात स्क्रिप्ट चालू करायची.

दुसरी पायरी: दोन पाइप, चार टोके

विनंतीचा मजकूर स्क्रिप्टकडे नेणारा एक पाइप आणि तिचे उत्तर परत आणणारा दुसरा, असे दोन पाइप फोर्कच्या आधी तयार करावेत. प्रत्येकाला वाचण्याचे एक आणि लिहिण्याचे एक अशी टोके असतात. फोर्क झाल्यावर चारही टोके पालकाकडेही असतात आणि अपत्याकडेही, म्हणजे एकूण आठ होतात. यांपैकी चारच राहिली पाहिजेत.

माझा पहिला फॉर्म याच ठिकाणी अडकला. पातळी भरली, बटण दाबले आणि ब्राउझरमधले चक्र फिरतच राहिले. स्क्रिप्ट हाताने चालवली की लगेच उत्तर द्यायची. सर्व्हरमधून चालवली की गप्प. पालकाने मजकूर लिहून आपले टोक बंद केले होते, तरीही स्क्रिप्टला इनपुट संपल्याची खूण मिळत नव्हती. पाइपवर ती खूण तेव्हाच मिळते, जेव्हा त्याचे लिहिण्याचे टोक कोणाकडेही उघडे राहिलेले नसते. येथे त्याची एक प्रत स्वतः स्क्रिप्टकडेच होती, वारशात आलेली. ती स्वतःच्याच बोलण्याची वाट पाहत बसली होती. चूक एका क्लोजची होती. सापडायला दोन संध्याकाळी लागल्या.

यावरचा पक्का उपाय म्हणजे पाइप तयार करताना पाइप-टू हे फंक्शन क्लोएक्झेक या खुणेसह वापरणे. ही खूण असलेले डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलींचे, पाइपांचे आणि सॉकेटांचे क्रमांक, एक्झेक होताच आपोआप बंद होतात. डुप-टू हे फंक्शन डिस्क्रिप्टरची प्रत आपण सांगू त्या क्रमांकावर करते; ती प्रत ही खूण घेत नाही, म्हणून ० (स्टँडर्ड इनपुट) आणि १ (स्टँडर्ड आउटपुट) या क्रमांकांवर आणलेली टोके शिल्लक राहतात आणि बाकीची जातात.

तिसरी पायरी: अपत्याच्या घरात

फोर्कने शून्य परत दिले की आपण अपत्यात आहोत. पहिल्या पाइपचे वाचण्याचे टोक डुप-टूने ० क्रमांकावर आणि दुसऱ्याचे लिहिण्याचे टोक १ क्रमांकावर आणावे. २ हा क्रमांक, म्हणजे स्टँडर्ड एरर, लॉग फाइलकडे वळवावा. तो आउटपुटमध्ये मिसळू नये. पायथनने एखादा इशारा छापला की तो हेडरच्या आधी जाऊन बसतो आणि संपूर्ण उत्तर बिघडते.

एक कोपऱ्यातली अडचण येथेच नोंदवतो. सर्व्हर पार्श्वभूमीत पाठवताना ०, १ आणि २ हे तिन्ही बंद केले असतील, तर नव्या पाइपला नेमके तेच क्रमांक मिळतात. मग डुप-टूला एकच क्रमांक दोन्हीकडे दिला जातो, ते काहीही न करता परतते, क्लोएक्झेकची खूण तशीच राहते आणि एक्झेकनंतर स्क्रिप्टला इनपुटच उरत नाही. म्हणून ते तीन क्रमांक मोकळे सोडू नयेत, त्यांवर डेव्ह-नल, म्हणजे लिहिलेले सगळे गिळणारी रिकामी फाइल, उघडून ठेवावे.

सिग्नलही वारशात येतात. ब्राउझर मधेच बंद झाल्यावर सर्व्हर मरू नये म्हणून आपण सिगपाइप, म्हणजे वाचणारा नसलेल्या टोकात लिहिल्यावर येणारा सिग्नल, दुर्लक्षित केलेला असतो आणि तो करावाच. पण दुर्लक्षित सिग्नल एक्झेकनंतरही दुर्लक्षितच राहतो. सर्व्हरने लावलेले हँडलर एक्झेकमध्ये पुसले जातात, दुर्लक्ष मात्र पुसले जात नाही. त्यामुळे अपत्यात तो मूळ स्थितीत आणावा.

मग चेंज-डिरने स्क्रिप्टच्या डिरेक्टरीत जावे, कारण आरएफसीने तशी शिफारस केली आहे आणि शेजारची फाइल उघडणाऱ्या स्क्रिप्टा तेच गृहीत धरतात. शेवटी एक्झेकव्हीई करावे. ते यशस्वी झाले तर परत येतच नाही. परत आले तर कारण लॉगमध्ये लिहून अंडरस्कोर असलेल्या एक्झिटने १२७ हा आकडा देऊन बाहेर पडावे. साध्या एक्झिटने पडलात, तर पालकाच्या आउटपुट बफरची वारशात आलेली प्रतही रिकामी केली जाते आणि लॉगमधल्या ओळी दोनदा उमटतात.

चौथी पायरी: व्हेरिएबलांची शिदोरी

एक्झेकव्हीईला तिसरा घटक म्हणून व्हेरिएबलांची यादी द्यावी लागते. सर्व्हरची स्वतःची यादी तशीच पुढे देऊ नये. तीत डेटाबेसचा पासवर्डही असू शकतो. नवी यादी बांधावी आणि ती फोर्कच्या आधीच बांधावी. सर्व्हर अनेक थ्रेडांचा असेल, तर फोर्कनंतर अपत्यात मॅलॉक करणे सुरक्षित नसते. दुसऱ्या थ्रेडने धरलेले कुलूप तसेच अडकलेले वारशात येऊ शकते.

गेटवे-इंटरफेस, सर्व्हर-प्रोटोकॉल, सर्व्हर-नेम, सर्व्हर-पोर्ट, रिक्वेस्ट-मेथड, स्क्रिप्ट-नेम, क्वेरी-स्ट्रिंग आणि रिमोट-ॲडर ही नेहमी द्यावीत. क्वेरी रिकामी असली तरी ते व्हेरिएबल रिकाम्या किमतीसह द्यावे. स्क्रिप्टच्या नावानंतर पत्त्यात आणखी काही असेल तर ते पाथ-इन्फोमध्ये जाते. मजकूर आला असेल तर कंटेंट-लेंग्थ आणि कंटेंट-टाइप द्यावेत. बाकीचे हेडर मोठ्या अक्षरांत करून, जोडरेघांच्या जागी अंडरस्कोर घालून आणि सुरुवातीला एचटीटीपी आणि अंडरस्कोर जोडून पुढे जातात. पाथ हे व्हेरिएबलही आपण ठरवलेल्या किमतीसह द्यावे. पीएचपीची सीजीआय आवृत्ती वापरणाऱ्यांनी स्क्रिप्ट-फाइलनेम आणि रीडायरेक्ट-स्टेटस ही दोन अधिक द्यावीत, नाहीतर ती सुरक्षेच्या कारणावरून पान दाखवत नाही.

हेडर पुढे देण्याच्या या सोयीतूनच दोन गाजलेल्या त्रुटी उद्भवल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झालेल्या शेलशॉकमध्ये बॅश हा शेल व्हेरिएबलात आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवत असे, त्यामुळे हेडरमध्ये आज्ञा लिहून पाठवली तरी पुरे होई. जुलै २०१६ मधील एचटीटीपॉक्सी त्याहून साधी होती: कोणी प्रॉक्सी नावाचा हेडर पाठवला की त्याचे रूपांतर होऊन तयार होणारे व्हेरिएबल नेमके तेच निघाले, जे अनेक लायब्रऱ्या स्वतःचा प्रॉक्सी सर्व्हर ठरवण्यासाठी वाचतात. प्रॉक्सी हा हेडर पुढे देऊच नये. एका ओळीची तुलना आहे, आजच लिहावी.

पाचवी पायरी: पालकाची कसरत

पालकाने पहिल्या पाइपचे वाचण्याचे आणि दुसऱ्याचे लिहिण्याचे टोक लगेच बंद करावे. दुसरे विसरले तर उत्तर संपल्याची खूण पालकाला कधीच मिळत नाही. मघाचीच चूक, फक्त बाजू बदलून.

विनंतीचा मजकूर पाठवताना एक गोष्ट हमखास निसटते. हेडर वाचताना आपण सॉकेटमधून एकदम काही हजार बाइट उचललेले असतात आणि रिकाम्या ओळीनंतरचे बाइट हा मजकुराचाच पहिला तुकडा असतो. आधी तो पाइपमध्ये लिहावा आणि कंटेंट-लेंग्थमधून तेवढे वजा करून उरलेले सॉकेटवरून वाचावे. लहान फॉर्मचा सगळाच मजकूर बहुधा त्या पहिल्या उचलीत आलेला असतो. मग सर्व्हर सॉकेटवर कधीही न येणाऱ्या बाइटांची वाट पाहतो आणि दोष मात्र स्क्रिप्टला लागतो.

दुसरी अडचण मोठ्या मजकुराची आहे. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. समजा, फोटो अपलोड होत आहे आणि स्क्रिप्ट तो वाचता वाचता उत्तरही लिहीत आहे. ‘आधी सगळे लिहीन, मग वाचेन’ असा पालकाचा पवित्रा असेल, तर स्क्रिप्टचे उत्तर तिच्या पाइपमध्ये तुंबते, ती थांबते, वाचणे सोडते, मग आपला पाइपही तुंबतो आणि अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांसारखे दोघे उभे राहतात. दोन्ही टोके नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे काम होत नसेल तर न थांबता परतणारी, करावीत आणि कोणते टोक तयार आहे हे सांगणाऱ्या पोल या फंक्शनने विचारून त्या बाजूचे काम करावे. चाचणीत पाच-दहा अक्षरांचा फॉर्म असतो, म्हणून ही चूक तेव्हा दिसत नाही.

लांबी नेहमी बाइटांत मोजली जाते. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. युनिकोडमध्ये त्याचे नऊ घटक होतात, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन याप्रमाणे २७ बाइट होतात आणि फॉर्ममधून टक्केचिन्हांच्या संकेतनात आला की ८१. सीमधले स्ट्रलेन २७ सांगते आणि आपल्याला तेच हवे असते. पायथनमध्ये स्ट्रिंगची लांबी घेऊन कंटेंट-लेंग्थ लिहिली तर ती ९ निघते आणि ब्राउझर ‘कोल’वरच पान तोडतो. स्क्रिप्टने मजकूर आधी बाइटांत बदलून मग मोजावा. जाता जाता, पायथनचे जुने सीजीआय मॉड्यूल ३.१३ या आवृत्तीपासून काढून टाकले आहे, त्यामुळे जुन्या पाठांतले पहिलेच इम्पोर्ट आता अपयशी ठरते.

सहावी पायरी: उत्तर ब्राउझरकडे

स्क्रिप्टचे आउटपुट जसेच्या तसे ब्राउझरकडे ढकलता येत नाही. रिकामी ओळ सापडेपर्यंत ते साठवावे. स्टेटस असा हेडर असेल तर त्यातून एचटीटीपीची पहिली ओळ तयार करावी, नसेल तर २०० गृहीत धरावे. लोकेशनमध्ये पूर्ण पत्ता असून स्टेटस नसेल तर ३०२ पाठवावे; नुसत्या तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता असेल तर ती विनंती सर्व्हरने स्वतःच नव्याने हाताळायची असते. स्क्रिप्टा ओळी साध्या न्यूलाइनने संपवतात, एचटीटीपीला मात्र कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी जोडी लागते, तेव्हा हेडर पुन्हा नीट लिहून पाठवावेत. रिकामी ओळ येण्याआधीच आउटपुट संपले तर ५०० पाठवावे.

सातवी पायरी: अंत्यविधी आणि मुदत

संपलेल्या अपत्याची नोंद पालकाने वेटपिडने घेतली नाही, तर ते झोंबी म्हणून प्रोसेसच्या यादीत पडून राहते. यादी भरली की फोर्क अपयशी ठरू लागते. सिगचाइल्ड, म्हणजे अपत्य संपल्यावर पालकाला येणारा सिग्नल, याच्या हँडलरमध्ये एकदाच वेटपिड करून भागत नाही. दोन अपत्ये एकाच वेळी संपली तर सिग्नल एकच येऊ शकतो, म्हणून न थांबण्याच्या पर्यायासह, कोणी शिल्लक नसेपर्यंत ते फिरवावे. हा सिग्नल येऊ लागल्यावर ॲक्सेप्ट मधेच ईआयएनटीआर ही त्रुटी देऊन परत येऊ शकते. ती गंभीर मानून सर्व्हर बंद करू नये.

स्क्रिप्टला वेळेची मर्यादाही हवी. अपत्याला सेटपीजीआयडीने स्वतःचा गट द्यावा, मुदत संपल्यावर संपूर्ण गटाला आधी सिगटर्म आणि थोड्या वेळाने सिगकिल पाठवावा. एकट्या प्रोसेसला मारले तर तिने सुरू केलेली दुसरी प्रोसेस आउटपुटचे टोक धरून जिवंत राहते आणि पालक वाचतच बसतो.

तपासणी

पहिली स्क्रिप्ट दोन ओळींची शेल स्क्रिप्ट ठेवावी. फाइलला चालवण्याची परवानगी आहे का आणि पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा योग्य मार्ग आहे का, हे आधी पाहावे. फाइल समोर दिसत असूनही ‘अशी फाइल नाही’ असे एक्झेकव्हीई म्हणत असेल, तर बहुतेक वेळा ती विंडोजवर लिहिलेली असते; पहिल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेला असतो आणि कर्नल त्या अदृश्य चिन्हासकट इंटरप्रिटर शोधत असतो.

त्यानंतर कर्ल या कमांड-लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनाने तीन विनंत्या कराव्यात: मजकुराशिवायची, लहान फॉर्मची आणि एक लाख बाइटांहून मोठ्या फाइलची. तिसऱ्या विनंतीला स्क्रिप्टने आलेले सगळे तसेच परत पाठवावे, म्हणजे तुंबणे लगेच उघडे पडते.

शेवटची चाचणी वारशाची. माझा सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करताना ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असे सांगू लागला, रीयूज-ॲड्रेसचा पर्याय लावलेला असूनही. जुनी एक स्क्रिप्ट अजून चालू होती आणि ऐकणाऱ्या सॉकेटची प्रत तिच्याकडे होती. ऐकणारे सॉकेट आणि ॲक्सेप्ट-फोरने मिळणारे ब्राउझरचे सॉकेट, दोन्हींवर क्लोएक्झेकची खूण लावल्यावर तो प्रश्न मिटला. आता प्रत्येक नव्या सर्व्हरवर मी एक स्क्रिप्ट ठेवतो, जी प्रॉक-सेल्फ-एफडी या डिरेक्टरीतली यादी छापते. तीत ०, १, २ आणि ती डिरेक्टरी वाचण्यासाठी उघडलेला एक, असे चारच क्रमांक दिसावेत. पाचवा दिसला, तर तो कोठून आला ते शोधल्याशिवाय पातळीचा फॉर्म गेटवर देऊ नये.